दोन मॉनिटर जोडले, पण मापं जुळत नाहीत: आधी काय तपासायचं, कुठे थांबायचं

आधी लक्षणं. यातलं एखादं तरी तुमच्याकडे होत असणार:

– एका मॉनिटरवर नीट दिसणारी विंडो दुसऱ्यावर ओढली की एकदम मोठी नाही तर बारीक होते.
– ऑनलाइन फॉर्मचा खालचा भाग, नेमकं ‘सबमिट’चं बटण, लहान मॉनिटरवर दिसतच नाही.
– माउस काही ठिकाणाहून पलीकडे जातो, काही ठिकाणी अडतो.
– मोठ्या मॉनिटरवरची अक्षरं फुगलेली, पुसट. गोल शिक्का अंड्यासारखा.
– लाईन जाऊन आली की मेन स्क्रीन बदललेली, उघड्या विंडो भलतीकडे.
– रिझोल्यूशनच्या, म्हणजे स्क्रीनवरच्या आडव्या-उभ्या ठिपक्यांच्या मापाच्या, यादीत १०२४ × ७६८ च्या वर काही येतच नाही.
– ‘आउट ऑफ रेंज’ किंवा ‘इनपुट नॉट सपोर्टेड’ लिहून येतं आणि स्क्रीन काळी.

आमच्या यवतमाळकडच्या दारव्हा-दिग्रस भागात दुसरा मॉनिटर हौसेसाठी कोणी घेत नाही. सेतू केंद्रात तो समोर बसलेल्या शेतकऱ्याकडे वळवलेला असतो, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव, आधारचं स्पेलिंग, बँकेचा खाते नंबर त्याला स्वतःला बघता येतो. फोटो स्टुडिओत १२ × ३६ चं अल्बमचं पान मोठ्या स्क्रीनवर आणि फोटोंची फोल्डरं लहान स्क्रीनवर. जिनिंगच्या वजनकाट्यावर एकीकडे काट्याचं जुनं सॉफ्टवेअर, दुसरीकडे बिलिंग. जोडी बहुतेक एकच असते: आधीपासून पडलेला साडेअठरा इंची आणि नवा घेतलेला चोवीस इंची. मग फोन येतो, “भाऊ, ह्या स्क्रीनवर अक्षर मोठं दिसते अन् त्या स्क्रीनवर बारीक, काहून? मॉनिटर खराब निघाला का?”

मॉनिटर खराब नसतो. आपण इंच बघतो, कॉम्प्युटर पिक्सेल, म्हणजे स्क्रीनवरचे बारीक ठिपके, मोजतो. इंच त्याला जवळपास कळतच नाहीत. साडेअठरा इंची मॉनिटरवर साधारणपणे १३६६ × ७६८ पिक्सेल असतात, चोवीस इंचीवर १९२० × १०८०. दर इंचात किती पिक्सेल बसले ते काढलं तर पहिल्याचे सुमारे ८५ आणि दुसऱ्याचे सुमारे ९२ येतात. म्हणजे सेटिंग नीट असेल तर अक्षराच्या आकारात फारसा फरक नाही. फरक उंचीत आहे: ७६८ विरुद्ध १०८०. चोवीस इंचीवर उघडलेली ९०० पिक्सेल उंच विंडो लहानावर ओढली तर खालची पट्टी बाहेरच जाणार, आणि ‘सबमिट’ असतं नेमकं तिथे.

खालची तपासणी फुकटापासून खर्चाकडे जाते. क्रम मोडू नका, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने जमलं ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच.

विंडोज की आणि पी

कीबोर्डवर विंडोजचं बटण दाबून धरा आणि पी दाबा. चार पर्याय येतील. ‘डुप्लिकेट’ निवडलेलं असेल तर अर्धी तक्रार तिथेच सापडली. डुप्लिकेट म्हणजे दोन्ही मॉनिटरला एकच चित्र, आणि एकच चित्र म्हणजे एकच रिझोल्यूशन. दोघांनाही झेपेल असं माप विंडोज शोधतं आणि ते बहुतेक लहान मॉनिटरचं निघतं. मग चोवीस इंचीवर १३६६ × ७६८ चं चित्र ताणून बसवलं जातं. अक्षर पुसट होणारच. दुसरा मॉनिटर जुना चौकोनी १७ इंची, १२८० × १०२४ चा असेल तर आणखी वाईट, कारण त्याची लांबी-रुंदी ५:४ आणि नव्याची १६:९. गोल शिक्का अंडाकृती होतो तो इथेच.

‘एक्स्टेंड’ निवडा. शेतकऱ्याला तेच पान दाखवायचं असेल तर त्या पानाची विंडो त्याच्या बाजूला सरकवा: विंडोज की, शिफ्ट आणि डावा किंवा उजवा बाण. माउसने ओढण्यापेक्षा हे लवकर होतं आणि गर्दीत चुकत नाही. दोन्हीकडे हुबेहूब तेच चित्र हवंच असेल तर एकाच रिझोल्यूशनचे दोन मॉनिटर घ्या. त्याला दुसरा चांगला उपाय नाही.

प्रत्येकाला त्याचं स्वतःचं रिझोल्यूशन

डेस्कटॉपवर रिकाम्या जागी राइट क्लिक करून डिस्प्ले सेटिंग्ज उघडा. वर १ आणि २ आकड्यांचे चौकोन दिसतील. कुठला कोणता ते कळत नसेल तर ‘आयडेंटिफाय’ दाबा, आकडा त्या-त्या स्क्रीनवर मोठा उमटतो. आता एकेक चौकोन निवडून खाली रिझोल्यूशनमध्ये जिथे ‘रेकमेंडेड’ लिहिलंय तेच ठेवा. दोन्हींसाठी वेगवेगळं.

इथे लोक हमखास उलटं करतात. मापं जुळावीत म्हणून मोठ्या मॉनिटरचं रिझोल्यूशन खाली आणून लहानाएवढं करतात. एलसीडी पडद्यावर पिक्सेल कायमचे बसवलेले असतात. १९२० ठिपक्यांच्या जागी १३६६ ठिपके पसरायचे म्हटलं तर एका ठिपक्याच्या वाट्याला सव्वा-दीड जागा येते आणि प्रत्येक अक्षराची कड धुरकट होते. दिवसभर तसल्या स्क्रीनवर फॉर्म भरले की डोकं दुखणार. जुळवायचं ते स्केलने, रिझोल्यूशनने नाही.

नवं रिझोल्यूशन लावल्यावर स्क्रीन काळी झाली तर घाबरून बटणं दाबू नका. ‘कीप चेंजेस’ दाबलं नाही तर १५ सेकंदांत विंडोज स्वतःच आधीच्या मापावर येतं.

स्केल

रिझोल्यूशनच्या वरच ‘स्केल’ असतं: १००, १२५, १५० टक्के. अक्षर आणि बटणांचा आकार इथे ठरतो. हिशेब सोपा आहे. साडेअठरा आणि चोवीस इंचीची जोडी असेल तर दोन्ही १०० वर ठेवा. ८५ आणि ९२ मधला फरक डोळ्याला फारसा जाणवत नाही. लॅपटॉपला बाहेरचा मॉनिटर जोडला की मात्र गडबड होते. १५.६ इंची फुल एचडी लॅपटॉपवर इंचाला १४१ पिक्सेल असतात. बाहेरचा चोवीस इंची १०० वर असेल तर लॅपटॉप १५० वर ठेवा: १४१ भागिले दीड म्हणजे ९४, आणि समोर ९२. अक्षर जुळलं. लॅपटॉप १२५ वर येतो आणि लोक तसाच ठेवतात, म्हणून विंडो पलीकडे गेली की फुगते.

मॉनिटरनिहाय वेगळा स्केल विंडोज ८.१ पासून आला. अजून विंडोज ७ चालवत असाल तर ही सोयच नाही, सगळ्या स्क्रीनना एकच स्केल लागतो. सेटिंगमध्ये कितीही शोधा, सापडणार नाही.

स्केल बदलल्यावर एखादं जुनं सॉफ्टवेअर, विशेषतः वजनकाट्याचं किंवा बिलिंगचं, पुसट दिसायला लागलं तर एकदा साइन आउट करून परत या. तरीही तसंच असेल तर त्या प्रोग्रामच्या आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’ असं जा. तिथे स्केलिंग ओव्हरराइड करायची खूण असते. तिच्याखाली तीन पर्याय येतात. एकेक लावून बघा, वेगवेगळ्या सॉफ्टवेअरला वेगवेगळा मानवतो.

आता ते ‘सबमिट’ बटण. लहान मॉनिटरवर क्रोममध्ये कंट्रोल आणि वजाचं चिन्ह दाबून ८० टक्के करा, पान मावतं. पण क्रोम हे झूम साइटप्रमाणे लक्षात ठेवतं, विंडोप्रमाणे नाही. म्हणजे शेतकऱ्याच्या बाजूला ८० केलं की त्याच साइटचं तुमच्या बाजूचं पानही ८० होतं, आणि ऑपरेटर ओरडतो. यावर उपाय म्हणजे क्रोममध्ये दुसरं प्रोफाइल करायचं आणि शेतकऱ्याच्या बाजूची विंडो त्या प्रोफाइलमधून उघडायची. प्रत्येक प्रोफाइलचं झूम वेगळं राहतं. जुलैत पीक विम्याची रांग लागायच्या आत हे करून ठेवा, रांगेत उभं राहून कोणी करू देत नाही.

माउस का अडतो

“माउस तिकडं जाऊनच नाही राह्यला,” ही तक्रार सगळ्यात जास्त आणि दुरुस्ती सगळ्यात सोपी. डिस्प्ले सेटिंग्जमधले ते दोन चौकोन पिक्सेलच्या मापाने काढलेले असतात. १०८० उंचीच्या चौकोनाला ७६८ उंचीचा लावला की ३१२ पिक्सेलचा भाग उघडा राहतो, तिथून पलीकडे वाट नसते. दोन वावरं शेजारी असली तरी धुरा जेवढा लागून असेल तेवढ्यातूनच पलीकडे जाता येतं, तसं. चौकोन माउसने ओढून टेबलावर मॉनिटर जसे ठेवलेत तसे लावा. डावा-उजवा उलटा लागला असेल तर तोही इथेच सरळ होतो. टेबलावर दोघांच्या खालच्या कडा एका रेषेत असतील तर चौकोनांच्याही खालच्या कडा जुळवा, मग अप्लाय.

विंडोज ११ मध्ये ‘मल्टिपल डिस्प्लेज’खाली ‘ईझ कर्सर मूव्हमेंट बिटवीन डिस्प्लेज’ अशी खूण आहे. ती लावली की अडलेला माउस जवळच्या जागेवरून पलीकडे सरकतो. तरी चौकोन नीट लावणं टाळू नका.

चोवीस इंचीचा पडदा सुमारे ३० सेंटिमीटर उंच, साडेअठरा इंचीचा २३. दोघांचे मध्य समोरासमोर आणायला लहानाखाली साडेतीन सेंटिमीटरचं काहीतरी लागतं. लाकडी फळी ठेवा. ए-फोरचं रिम ठेवू नका, चार दिवसांत कोणीतरी कागद काढतं.

व्हीजीए आणि टीव्ही

चित्र एका बाजूला सरकलंय, अक्षर थरथरतंय आणि केबल निळ्या टोकाची व्हीजीए आहे: मॉनिटरवरचं ‘ऑटो’ बटण दाबा. मॉनिटर चित्राची जागा आणि वेळ पुन्हा मोजून घेतो. त्या वेळी स्क्रीनवर काहीतरी भरगच्च उघडं असू द्या, काळा डेस्कटॉप असेल तर त्याला कडा सापडत नाहीत.

काही जुन्या मशीनवर व्हीजीएला १३६६ ऐवजी १३६० × ७६८ दिसतं. हा बिघाड नाही. १३६६ ला ८ ने पूर्ण भाग जात नाही आणि जुनी ग्राफिक्स आठच्या पटीतच रुंदी देतात. तेवढ्यावर समाधान मानायचं.

टीव्ही दुसरा मॉनिटर म्हणून लावलाय आणि चारी कडा कापल्या जातात, टास्कबार अर्धा गायब: टीव्हीच्या पिक्चर मेनूत ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘१:१’ असं काहीतरी असतं, ते निवडा. अक्षर मात्र सुधारणार नाही. ३२ इंची एचडी रेडी टीव्हीवर इंचाला ४९ च पिक्सेल पडतात. लांबून टोकन नंबर दाखवायला ठीक, फॉर्म वाचायला नाही.

लाईन जाऊन आल्यावर

एक मॉनिटर यूपीएसवर, दुसरा सरळ बोर्डावर, हे जवळपास प्रत्येक ठिकाणी दिसतं. लाईन गेली की दुसरा बंद पडतो, विंडोजला वाटतं तो काढून घेतला, आणि त्यावरचं सगळं पहिल्यावर ढकललं जातं. दोन्ही यूपीएसवर घ्या. साध्या एलईडी मॉनिटरला १५ ते ३० वॅट लागतात, नेहमीच्या ६०० व्हीएच्या यूपीएसला ते जड नाही. यूपीएसवर प्रिंटर मात्र नको, लेझर तर नकोच.

विंडोज ११ मध्ये ‘रिमेंबर विंडो लोकेशन्स बेस्ड ऑन मॉनिटर कनेक्शन’ ही खूण लावलेली असू द्या. स्क्रीन काळीच राहिली तर विंडोज की, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर (विंडोजला ग्राफिक्स चालवायला लागणारं सॉफ्टवेअर) तेवढाच पुन्हा सुरू होतो, उघडं काम जात नाही.

केबल, आणि त्याआधी टेस्टर

रिझोल्यूशनच्या यादीत मोठी मापं येतच नसतील, किंवा डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजची जोडलेल्या उपकरणांची यादी) मॉनिटरच्या जागी ‘जेनेरिक नॉन-पीएनपी मॉनिटर’ दिसत असेल, तर मॉनिटरची ओळख कॉम्प्युटरपर्यंत पोचत नाहीये. मॉनिटरच्या आत त्याची मापं साठवलेली असतात आणि ती केबलमधल्या वेगळ्या तारांतून येतात. व्हीजीएत त्या १२ आणि १५ नंबरच्या पिना. पिन वाकली, किंवा स्वस्तातल्या केबलमध्ये त्या तारा घातलेल्याच नसल्या, तर चित्र येतं पण ओळख येत नाही, आणि विंडोज अंदाजाने १०२४ × ७६८ देतं.

केबल काढण्याआधी टेस्टर कॅबिनेटच्या उघड्या स्क्रूला लावून बघा. दिवा लागला तर इथेच थांबा. कॉम्प्युटरच्या सप्लायमध्ये फिल्टरचे कपॅसिटर असतात. अर्थिंग नसेल तर त्यांच्यामुळे कॅबिनेटवर मेन लाईनच्या निम्मा, म्हणजे सव्वाशेच्या आतबाहेर व्होल्टेज तरंगत राहतं. करंट थोडा असतो, हाताला मुंग्या येतात. पण चालू मशीनमध्ये एचडीएमआय खुपसताना तोच झटका पोर्टमधून गेला तर पोर्ट जळतो, कधी मदरबोर्डही. आणि दिवा लागण्याचं कारण नुसते कपॅसिटर नसून खरंच फेज बॉडीला लागलेली असू शकते. टेस्टरवरून ते दोन वेगळे ओळखता येत नाहीत. इलेक्ट्रिशियन बोलवा, अर्थिंग मोजून घ्या. आपल्या काळ्या मातीला एप्रिल-मेमध्ये भेगा पडतात, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि पावसाळ्यात नीट असलेली अर्थिंग उन्हाळ्यात नावापुरती उरते. खड्ड्यात पाणी घालायची सवय ठेवा. पाणी घालूनही दिवा लागत असेल तर ते आपलं काम नाही.

टेस्टर कोरा असेल तर सगळं बंद करा, प्लग काढा, मग केबल. पिना उजेडात बघा. काट्यावरच्या मशीनमध्ये पोर्टात कापसाची तूस हमखास सापडते, कोरड्या ब्रशने झाडा. केबलची पूर्ण लांबी हातातून फिरवा, उंदीर मधेच कुरतडतात आणि वरून दिसत नाही. नंतर दोन मॉनिटरच्या केबल अदलाबदल करून लावा. दोष केबलबरोबर दुसऱ्या मॉनिटरवर गेला तर केबल बदला. त्याच मॉनिटरवर राहिला तर केबल सुटली.

मध्ये एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर असेल तर आधी संशय त्याच्यावर. हलक्या कन्व्हर्टरमधून मॉनिटरची खरी मापं पुढे जात नाहीत. तो स्वतःचीच ठराविक यादी सांगतो आणि मग ‘आउट ऑफ रेंज’. मॉनिटरला एचडीएमआय असेल तर कन्व्हर्टर काढून सरळ केबल लावा. स्प्लिटरचंही तसंच: एका पोर्टचे दोन केले की दोन्हीकडे एकच रिझोल्यूशन, एक्स्टेंड होणारच नाही.

ड्रायव्हर आणि पोर्ट

विंडोज नव्याने टाकल्यावर सुरू झालेला त्रास बहुतेक इथला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अडॅप्टर्सखाली ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ दिसलं तर खरा ड्रायव्हर नाही. दुसरा मॉनिटर ओळखला जात नाही, रिझोल्यूशन बदलता येत नाही. विंडोज अपडेटच्या ऑप्शनल अपडेट्समध्ये बघा, नाहीतर कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून आपल्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्या. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर’ म्हणणारे प्रोग्राम टाकू नका. ज्या मशीनवर लोकांचे आधार आणि खाते नंबर उघडतात तिथे तर अजिबात नाही.

वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवलेलं असेल तर दोन्ही केबल कार्डालाच लावा. कार्ड बसलं की मदरबोर्डचा पोर्ट बायोसमधून (विंडोजच्या आधी सुरू होणारी मशीनची मूळ सेटिंग) अनेकदा बंद होतो, आणि ज्या इंटेल प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एफ आहे त्यात आतलं ग्राफिक्स नसतंच, तो पोर्ट कधीच चालणार नाही. बायोसमध्ये ही सेटिंग बदलता येते, पण तिथे आधी कधी शिरला नसाल तर माहीतगाराला शेजारी बसवा.

पुढे जाऊ नका

मॉनिटरचं स्वतःचं मेनूचं बटण दाबा. कॉम्प्युटरची केबल काढलेली असतानाही त्या मेनूत रेघ, डाग किंवा अर्धा अंधार दिसत असेल तर दोष मॉनिटरच्या आत आहे, विंडोजमध्ये काही करू नका. मॉनिटर उघडूही नका. २३० व्होल्ट डीसीत बदलले की आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशेच्या आसपास व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहतात. पॅनेलच गेलं असेल तर साडेअठरा इंचीवर पैसे घालू नका. बदली घेताना इंच विचारू नका, पिक्सेल विचारा: चोवीस इंची फुल एचडीशेजारी २० इंची १६०० × ९०० लावला तर दोघांचेही इंचाला ९२ पडतात.

जळका वास, पोर्टाभोवती काळं, केबलचं टोक गरम: बोर्डाचं बटण बंद करा आणि मेकॅनिककडे आणा. ग्रामपंचायतीचं किंवा शाळेचं मशीन सील लावलेलं असेल तर तो सील तोडू नका, लेखी कळवा.

दुरुस्तीला आणताना नुसता मॉनिटर आणू नका. त्याची केबल, त्याचा अडॅप्टर आणि मध्ये कन्व्हर्टर असेल तर तोही आणा. मॉनिटरच्या मागच्या स्टिकरचा आणि डिस्प्ले सेटिंग्जच्या पानाचा मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, आणि शेवटचं काय बदललं होतं ते खरं सांगा.